कोठारातले गुपित, कुंपणाबाहेरचा धोका

२१ मे १९४४. रविवारची दुपार. हवाईच्या ओआहू बेटावर, पर्ल हार्बरच्या वेस्ट लॉक नावाच्या खाडीत, रणगाडे उतरवणारी अमेरिकी जहाजे एकमेकांना खेटून नांगरलेली होती. सायपन बेटावरच्या चढाईची मोहीम तोंडावर होती आणि जहाजांवर दारूगोळ्याची चढउतार सुरू होती. तीन वाजून गेल्यावर एका जहाजावर स्फोट झाला. आग शेजारच्या जहाजावर गेली, तिथून पुढच्या. सहा जहाजे बुडाली, १६३ माणसे मेली, ३९६ जखमी झाली. नौदलाने सविस्तर बातमी बाहेर जाऊ दिली नाही आणि मोहीम थोड्याच उशिराने पुढे निघाली. चौकशीची कागदपत्रे १९६० पर्यंत गोपनीय राहिली. म्हणजे ज्यांचे मुलगे तिथे गेले, त्यांना ते कसे गेले हे नीट कळायला सोळा वर्षे लागली.

याच खाडीच्या काठावर नौदलाने सत्तरच्या दशकात नवी कोठारे बांधायला घेतली. ओआहूवर इतरत्र पसरलेला दारूगोळा तिथे आणायचा होता. मातीने झाकलेली एकूण ४८ कोठारे, आणि ती अण्वस्त्रे ठेवता येतील अशी बांधलेली. एवढे नौदलाने मान्य केले. त्यांत अण्वस्त्रे ठेवणार का, या प्रश्नावर मात्र उत्तर एकच होते: होय म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही.

या एका उत्तरावरून जो खटला उभा राहिला, त्याने पर्यावरणाचा कायदा आणि लष्करी गुप्तता यांच्यातली सीमारेषा पुढच्या चार दशकांसाठी आखून टाकली. ती रेषा चुकीच्या जागी पडली आहे, असे मानायला आता भरपूर आधार आहे.

आधी कायदा पाहू. अमेरिकेचा राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा, ज्याला तिथे सगळे ‘नेपा’ म्हणतात, त्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १ जानेवारी १९७० रोजी सही केली. हा कायदा कोणत्याही प्रकल्पाला मनाई करत नाही. पर्यावरणावर मोठा परिणाम करणारे काम हाती घेण्यापूर्वी सरकारी खात्याने त्या परिणामांचा सविस्तर अहवाल तयार करावा, पर्याय तपासावेत आणि हे सगळे लोकांसमोर मांडावे, एवढेच तो सांगतो. म्हणजे कामे दोन आहेत: खात्याने विचार करायचा आणि लोकांना सांगायचे. संरक्षण खात्याला कायद्यात सरसकट सूट नाही. लोकांसमोर काय ठेवायचे हे मात्र माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याशी जोडलेले आहे आणि त्या कायद्याचा पहिलाच अपवाद राष्ट्रीय सुरक्षेसाठी गोपनीय ठरवलेल्या कागदांचा आहे.

वेस्ट लॉकसाठी नौदलाने छोटे मूल्यांकन केले आणि कोठारे हलवल्याने पर्यावरणावर लक्षणीय परिणाम होणार नाही, असा निष्कर्ष काढला. पूर्ण अहवाल केलाच नाही. मार्च १९७८ मध्ये ‘कॅथलिक अ‍ॅक्शन ऑफ हवाई’ आणि ‘पीस एज्युकेशन प्रोजेक्ट’ या संस्था न्यायालयात गेल्या. कोठारांच्या जवळच विमानतळ आहेत, भोवती वस्ती आहे. विमान कोसळले किंवा अपघात झाला तर काय, किरणोत्साराचे काय, याचा त्या मूल्यांकनात शब्दही नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

नौदलाला शक्य तेवढे त्याने केले आहे, असे खालच्या न्यायालयाने म्हटले. अपील न्यायालयाने एक वेगळी वाट काढली. नौदलाने काल्पनिक अहवाल तयार करावा: इथे अण्वस्त्रे ठेवली असे गृहीत धरून धोके मोजावेत, आणि ती खरोखर ठेवली आहेत की नाहीत याबद्दल काहीच सांगू नये. गुपित गुपितच राहील आणि शेजाऱ्यांना धोक्याचा अंदाज येईल.

सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबर १९८१ रोजी ही वाट बंद केली. न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांनी लिहिलेल्या निकालाची मांडणी टप्प्याटप्प्याने वाचावी लागते. काल्पनिक अहवालाला कायद्यात जागा नाही. अण्वस्त्रे ठेवण्याचा प्रस्ताव खरोखर असेल, तर नौदलाने निदान स्वतःच्या निर्णयासाठी अंतर्गत अहवाल केलाच पाहिजे. तो लोकांना दाखवला नाही तरी चालेल. पण असा प्रस्ताव आहे की नाही हेच गोपनीय असल्याने तो आहे हे न्यायालयात सिद्ध होऊ शकत नाही. आणि प्रस्ताव सिद्ध होत नाही म्हणून नौदलाने कायदा पाळला की मोडला हे न्यायालय तपासू शकत नाही.

म्हणजे कर्तव्य कायम राहिले, पण ते पार पडले का हे विचारण्याचा अधिकार कुणाकडेच उरला नाही. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी ब्रेनन यांच्यासह स्वतंत्र मत लिहिले. निकालाशी ते सहमत होते. पण गोपनीयतेमुळे खात्याची कायद्यातून सुटका होत नाही आणि जेवढा भाग उघड करता येतो तेवढा केलाच पाहिजे, यावर त्यांचा भर होता. निकाल नौदलाने वापरला, हे मत मात्र मागे पडले.

या निकालाचे मूळ जुने आहे. यादवी युद्धात लिंकन यांनी नेमलेल्या एका हेराच्या मानधनाचा दावा १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला: ज्या खटल्याने गुपित फुटेल तो चालवायचाच नाही. मग १९५३ चा रेनॉल्ड्स खटला. जॉर्जियात १९४८ मध्ये हवाई दलाचे बी-२९ विमान कोसळले आणि नऊ जण मेले. त्यांतल्या तीन नागरी तंत्रज्ञांच्या विधवांनी अपघाताचा अहवाल मागितला. त्यात गुप्त उपकरणांची माहिती आहे, असे सरकारने सांगितले. न्यायालयाने अहवाल स्वतः न पाहता ते मान्य केले. सुमारे अर्ध्या शतकानंतर तो अहवाल खुला झाला, तेव्हा मृतांपैकी एकाच्या मुलीने तो वाचला. इंजिनाला लागलेली आग आणि देखभालीच्या आदेशांकडे झालेले दुर्लक्ष हेच त्यात ठळक होते. सरकारचे म्हणणे न तपासता मानले तर काय होते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

संसदेने एकदा हा दरवाजा किलकिला केला होता, आणि त्यातही हवाईचाच हात होता. १९७१ मध्ये अलास्काच्या अ‍ॅमचिटका बेटावर सुमारे पाच मेगाटनांची भूमिगत अणुचाचणी व्हायची होती. तिच्याबद्दल सरकारच्याच खात्यांनी एकमेकांना दिलेले सल्ले हवाईच्या खासदार पॅट्सी मिंक यांनी मागितले. ते मिळाले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी चाचणी थांबवायला नकार दिला आणि ६ नोव्हेंबर १९७१ रोजी ती झाली. मिंक यांचा खटला १९७३ मध्ये निकाली निघाला: ‘गोपनीय’ शिक्का योग्य आहे का, हे न्यायाधीशांनी तपासायचे नाही. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा बदलला, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचा नकाराधिकार डावलून. आता न्यायाधीश बंद दालनात तो कागद पाहू शकतात. शिक्का बरोबर की चूक हे तपासण्याची सोय झाली.

पण वेस्ट लॉकच्या निकालाने नेमकी हीच सोय पर्यावरणाच्या खटल्यांत निरुपयोगी केली. तपासायला कागदच समोर येत नसेल, तर न्यायाधीश पाहणार काय?

परिणाम लवकरच दिसू लागले. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर नौदल नवा तळ उभारत होते आणि तिथे येणाऱ्या जहाजांवर अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रे असू शकत होती. गायक पीट सीगर यांनी उभी केलेली क्लिअरवॉटर संस्था न्यायालयात गेली. दाट वस्तीच्या शहराच्या तोंडाशी हा धोका मोजलाच नाही, अशी तिची तक्रार होती. १९८९ मध्ये अपील न्यायालयाने वेस्ट लॉकचा दाखला देऊन ती फेटाळली. पाच वर्षांनी तो तळ बंदच करण्यात आला.

नेव्हाडातल्या ग्रूम लेक तळावरची हकीकत अधिक वेदनादायक आहे. तिथल्या कामगारांनी १९९४ मध्ये दावा केला, की उघड्या चरांमध्ये विषारी कचरा जाळला जात होता आणि त्या धुराने ते आजारी पडले. आपण काय श्वासातून घेतले हे त्यांना उपचारांसाठी कळायला हवे होते. घातक कचऱ्याच्या कायद्यातून या तळाला १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सूट दिली आणि १९९८ मध्ये अपील न्यायालयाने गुपित राखण्याचा सरकारचा हक्क उचलून धरला. दोन कामगारांचा त्याआधीच मृत्यू झाला होता.

लष्कराची बाजू पोकळ आहे असे मात्र नाही. शस्त्रे कुठे आहेत हे चोराला, हेराला किंवा शत्रूला कळू नये, ही काळजी खरी आहे. काही ठिकाणी शस्त्रे नाहीत असे एकदा सांगितले, की उरलेल्या ठिकाणी ती आहेत हे आपोआप उघड होते; म्हणून ‘होय नाही, नाहीही नाही’ हे उत्तर सगळीकडे सारखे द्यावे लागते. १९८५ मध्ये न्यूझीलंडने अमेरिकी युद्धनौका ‘बुकॅनन’ला बंदरात येऊ दिले नाही, ते याच उत्तरामुळे, आणि तरीही अमेरिकेने उत्तर बदलले नाही. प्रश्न असा आहे, की या काळजीसाठी नेमके किती झाकावे लागते.

त्याचे उत्तर दारूगोळा साठवण्याच्या साध्या शास्त्रात सापडते. कोठारावर माती टाकतात ती स्फोटाचा जोर आणि उडणारे तुकडे आडवे पसरू नयेत म्हणून. कोठाराभोवती ठरावीक अंतरापर्यंत घरे, शाळा, रस्ते नसावेत असे वर्तुळ आखतात. त्याची त्रिज्या स्फोटकांच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे साठा आठपट झाला तर अंतर दुप्पट होते. हे वर्तुळ म्हणजे शेजाऱ्यांसाठी सर्वांत कामाची माहिती. पण गणित उलटेही फिरते: वर्तुळ हाती आले तर कोठारात किती साठ्याची परवानगी आहे याचा अंदाज बांधता येतो. नौदलाची हरकत याच उलट गणिताला आहे.

वॉशिंग्टन राज्यात पोर्ट टाउनसेंडच्या उपसागरात इंडियन आयलंड नावाचे बेट आहे. तिथे नौदलाचा दारूगोळ्याचा मोठा साठा आहे आणि समोरच्या काठावर गाव. प्युजेट साउंड परिसरात राहणारे ग्लेन मिल्नर यांनी या वर्तुळांचे नकाशे मागितले. नौदलाने त्यांवर ‘गोपनीय’ शिक्का मारलेला नव्हता. त्याने कर्मचाऱ्यांच्या अंतर्गत नियमांसाठी असलेला वेगळाच अपवाद पुढे केला. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तो नाकारला. न्यायमूर्ती केगन यांचे म्हणणे सरळ होते: स्फोटकांची अंतरे म्हणजे नोकरभरतीचे नियम नव्हेत, सरकारला ही माहिती झाकायची असेल तर ती रीतसर गोपनीय ठरवावी किंवा संसदेकडून कायदा करून घ्यावा. संसदेने त्याच वर्षाअखेरीस संरक्षण विधेयकात तशी तरतूद करून टाकली. तिला एक अट मात्र जोडली: ही माहिती उघड होण्यातले लोकहित मोठे आहे का, याचा विचार करूनच ती रोखायची.

त्याच भागात बँगोर इथे ट्रायडंट पाणबुड्यांचा तळ आहे. तिथे क्षेपणास्त्रे चढवण्या-उतरवण्यासाठी नौदलाने दुसरा धक्का बांधायला काढला. अहवाल प्रसिद्ध झाला, पण त्याच्या परिशिष्टांमधली पाने काळी केलेली होती, आणि ती कोणत्या आधाराने काळी केली हे सांगितलेले नव्हते. संरक्षण खात्याच्याच स्फोटक-सुरक्षा मंडळाने आराखड्याला मंजुरी दिली नव्हती, हेही अहवालात नव्हते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने नौदलाने कायदा मोडल्याचे मान्य केले, पण ही माहिती दिली असती तरी निर्णय बदलला नसता म्हणून दिलासा दिला नाही. ही नोंद महत्त्वाची आहे. झाकलेल्या पानांत शत्रूला उपयोगी असे काही होते की नाही, यावर वाद होऊ शकतो. स्वतःच्याच मंडळाचा नकार झाकण्यात कोणत्या शत्रूपासून संरक्षण मिळत होते, हे नौदलाने कधीच पटवून दिले नाही.

गुप्ततेचे लगाम ढिले करून काम चालले, अशीही उदाहरणे आहेत. त्यांतले सर्वांत मोठे रासायनिक शस्त्रांचे. १९६८ मध्ये युटातल्या डगवे चाचणीक्षेत्राजवळ मज्जावायूच्या चाचणीनंतर सुमारे सहा हजार मेंढ्या मेल्या. पुढच्या वर्षी ओकिनावातल्या अमेरिकी कोठारात सरीन वायू गळला आणि तिथे तो साठा आहे हे जपानी जनतेला वर्तमानपत्रांतून कळले. १९७० च्या ऑगस्टमध्ये नेपा कायदा जेमतेम आठ महिन्यांचा असताना, मज्जावायूची रॉकेटे भरलेले जुने जहाज फ्लोरिडापुढच्या समुद्रात बुडवण्यात आले. पर्यावरणवाद्यांनी न्यायालयात धाव घेतली, पण जहाज बुडवणे थांबले नाही.

पुढे मात्र साठ्यांची ठिकाणे आणि प्रमाण जाहीर झाले. अलाबामातल्या अ‍ॅनिस्टनच्या रहिवाशांना भोंग्यांची, रेडिओ-इशाऱ्यांची व्यवस्था मिळाली. आपले घर कोणत्या पट्ट्यात येते हे त्यांना ठाऊक होते; विषारी वायू पसरलाच तर घालायचे संरक्षक टोपही त्यांना देण्यात आले. केंटकी आणि कोलोरॅडोतल्या लोकांनी शस्त्रे जाळण्याला विरोध केला, वर्षानुवर्षे बैठकांत बसून प्रश्न विचारले आणि संसदेला दुसरी पद्धत शोधायला लावली. तिथे मग जाळण्याऐवजी रसायनांनी निष्क्रिय करण्याची पद्धत वापरली गेली. ७ जुलै २०२३ रोजी केंटकीतल्या ब्लू ग्रास इथे अमेरिकेचे शेवटचे जाहीर केलेले रासायनिक शस्त्र नष्ट झाले. कोठारात काय आहे हे जगाला माहीत असतानाच हे सगळे पार पडले.

उलट बाजू पुन्हा ओआहूवर. रेड हिल टेकडीच्या पोटात नौदलाने दुसऱ्या महायुद्धात इंधनाच्या वीस टाक्या खोदल्या, प्रत्येकी सुमारे सव्वा कोटी गॅलनच्या. त्यांच्या शंभर फूट खाली होनोलुलूचा भूजलसाठा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये गळती झाली आणि नौदलाच्याच नळयोजनेतून, जिच्यावर सुमारे ९३ हजार माणसे अवलंबून होती, इंधनाचा वास येणारे पाणी घरांत पोहोचले. आजारी पडलेल्यांत सैनिकांची मुले होती. स्थानिक पाणीपुरवठा मंडळ आणि नागरिक याबद्दल आधीपासून ओरडत होते. मार्च २०२२ मध्ये संरक्षण खात्याला टाक्या कायमच्या बंद करण्याचा निर्णय घ्यावा लागला. हे शस्त्रांचे कोठार नव्हते, पण धडा तोच: कुंपणाच्या आत लपलेला धोका आधी आतल्याच माणसांना गाठतो.

अलीकडे दोन वारे एकाच वेळी वाहत आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या संघ न्यायालयाने ठरवले, की अण्वस्त्रांच्या प्लुटोनियम गाभ्यांचे उत्पादन लॉस अ‍ॅलमॉस आणि सव्हाना रिव्हर अशा दोन ठिकाणी करण्याचा बेत पर्यायांचा पुरेसा विचार न करता आखला गेला. जानेवारी २०२५ मधल्या तडजोडीत सरकारने देशव्यापी परिणाम अहवाल करण्याचे आणि सुनावण्या घेण्याचे मान्य केले. अण्वस्त्रनिर्मितीइतका गुप्त विषयही उघड चर्चेत येऊ शकतो, कारण इथे प्रस्ताव आहे हे कुणी नाकारले नव्हते. दुसरीकडे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका रेल्वेमार्गाच्या खटल्यात नेपाच्या अहवालांची न्यायालयीन तपासणी खूपच सैल केली. त्याचा फायदा लष्करी प्रकल्पांनाही मिळणार, हे उघड आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. वेस्ट लॉकच्या पाच आठवडे आधी, १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. पोटात सुमारे १४०० टन स्फोटके आणि त्यांच्याच सोबत कापूस. शेकडो माणसे मेली, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशात अग्निशमन सप्ताह त्याच दिवशी सुरू होतो तो त्यांच्या स्मरणार्थ. युद्धकाळातल्या सेन्सॉरने बातमी अडवली आणि ती आधी जपानच्या ताब्यातल्या सायगावच्या रेडिओवरून जगाला ऐकू आली. शत्रूला कळले, पण अनेक देशवासीयांना सविस्तर वृत्त मे महिन्यात मिळाले.

पुलगाव, जिल्हा वर्धा. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर केंद्रीय दारूगोळा डेपोत आग लागली. अधिकारी, जवान आणि आग विझवायला धावलेले कर्मचारी मिळून सोळाहून अधिक जण गेले, आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना अंधारातच घरे सोडावी लागली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच परिसरात जुन्या दारूगोळ्याची विल्हेवाट लावताना आणखी सहा जण मेले. त्यांत कंत्राटी मजूर होते.

पिंपरी-चिंचवडमध्ये तर ‘रेड झोन’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती २००० यार्डांचा पट्टा, त्यात निगडी, रुपीनगर, तळवडे, किवळेची घरे, अडलेल्या परवानग्या, हद्द पुन्हा मोजा म्हणून वर्षानुवर्षे चाललेली मागणी. १९०३ च्या ‘वर्क्स ऑफ डिफेन्स’ कायद्याखाली असा पट्टा राजपत्रात जाहीर करावा लागतो आणि जमिनीचा नकाशा पाहायला ठेवावा लागतो. इंडियन आयलंडच्या शेजाऱ्याला जे वर्तुळ मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, ते इथे ब्रिटिश अमदानीतल्या कायद्याने छापून मिळते. म्हणून कुणी देहूरोडचा डेपो लुटला, असे झालेले नाही.

पण पुढची पायरी नाही. २००६ ची पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचना संरक्षण आणि सुरक्षेच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट देते. २०२३ च्या वनसंवर्धन दुरुस्तीने सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतल्या व्यूहात्मक रस्त्यांना वनपरवानगीतून सोडले. दुसऱ्या बाजूला माहिती अधिकाराच्या कलम ८(२) मध्ये अशी तरतूद आहे, की लोकहित मोठे असेल तर गोपनीयतेच्या कायद्यावरही मात करून माहिती देता येते. ती तरतूद दारूगोळ्याच्या बाबतीत क्वचितच कुणी वापरलेली दिसते.

म्हणून मागणी मर्यादित आणि नेमकी असावी. साठ्याची यादी गोपनीय राहो. पण प्रत्येक मोठ्या डेपोसाठी अपघाताचा अंतर्गत अहवाल झाला आहे का, हे बाहेरच्या एखाद्या न्यायाधीशाने किंवा संसदीय समितीने बंद दालनात पाहावे. स्वतःच्या सुरक्षा मंडळाने हरकत घेतली असेल तर ती उघड करावी. आणि शेजारच्या गावांना भोंग्याचा अर्थ, बाहेर पडायचा रस्ता आणि थांबायची जागा आधीच माहीत असावी. हे सांगायला कोठारातली एकही पेटी उघडावी लागत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहेच. वर्धा आणि पुण्यातल्या प्राधिकरणांनी हे काम पुलगाव आणि देहूरोडपासून सुरू करावे, आणि नकाशा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या व वॉर्ड कार्यालयाच्या भिंतीवर, मराठीत, लावावा.